रबराच्या चाकांवरचा ‘अर्थ’ : जुन्या मोटारीची एरियल

आजच्या व्याख्यानाचा विषय वाचून काहींच्या मनात आलं असेल की तत्त्वज्ञानाच्या मास्तराचं मोटारीच्या एरियलशी काय काम? काम आहे, आणि ते तासाभरात स्पष्ट होईल अशी आशा करतो.

जुन्या मोटारीला रेडिओची एरियल बसवायची म्हणजे साधारणपणे पत्र्याला एक भोक पाडायचं, दांडी घट्ट करायची, वायर ओढायची आणि रेडिओला जोडायची. अर्ध्या दिवसाचं काम. पण त्या भोकापाशी दोन प्रश्न येऊन उभे राहतात. एक पदार्थविज्ञानाचा : जमिनीपासून रबराने तोडलेल्या, पत्र्याने वेढलेल्या आणि पोटात ठिणग्या उडवणाऱ्या या पेटीत रेडिओला काही ऐकू येतंच कसं? दुसरा माझ्या धंद्यातला : एखादी जुनी वस्तू ‘मूळची’ आहे असं आपण म्हणतो तेव्हा नेमकं काय म्हणतो? माझं म्हणणं असं की पहिला प्रश्न नीट समजल्याशिवाय दुसऱ्याचं उत्तर देऊ नये. म्हणून आज आधी इतिहास आणि वायरिंग, आणि मग तत्त्वज्ञान.

सुरुवात घरातल्या रेडिओपासून करू. व्हॉल्वचा रेडिओ ज्यांनी पाहिलाय त्यांना आठवेल, त्याच्या मागे दोन जोडण्या असत. एक एरियलची, दुसरी अर्थची. गच्चीवर दोन बांबूंमध्ये तांब्याची तार ताणायची, ती एरियल. दुसरी वायर नळाच्या लोखंडी पाइपला गुंडाळायची, तो अर्थ. आपल्या भाषेची गंमत बघा : इंग्रजीतली ‘पृथ्वी’ देवनागरीत आली आणि ‘अर्थ’ झाली. वायरमन म्हणतो, ‘साहेब, अर्थ लागत नाहीये,’ तेव्हा तो आपल्यापेक्षा फार वेगळं काही म्हणत नसतो. कारण रेडिओ एरियलवरचा दाब एकट्याने मोजत नाही. तो एरियल आणि अर्थ या दोहोंमधला फरक मोजतो. एका तारेला स्वतःपुरता काहीच संदेश नसतो. दुसऱ्या टोकाशी तुलना झाली की संदेश तयार होतो.

आता मोटारीत नळ कुठून आणणार? चाकं रबराची. मग अर्थ कुठला? उत्तर आहे : गाडीची बॉडी. सगळा पत्रा, चॅसिस, इंजिन मिळून धातूचा एक मोठा गोळा होतो आणि रेडिओ त्यालाच पृथ्वी मानून चालतो. म्हणजे मोटारीची एरियल ही फक्त दांडी नाही. दांडी हा एक अर्धा भाग आणि अख्खी गाडी हा दुसरा अर्धा. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे पुन्हा लागेल.

लांबीचाही हिशेब करून टाकू. आकाशवाणीचं पुणे केंद्र मध्यमलहरींवर ७९२ किलोहर्ट्झला लागतं. त्या लहरीची लांबी होते सुमारे ३७९ मीटर. उत्तम एरियल हवी तर तिच्या पावपट, म्हणजे ९५ मीटर उंच खांब हवा. मोटारीवर आपण लावतो मीटरभर दांडी. शंभरातला एक भाग! म्हणजे मध्यमलहरींसाठी गाडीची एरियल नेहमीच अपुरी असते, आणि तिने गोळा केलेला कण अन् कण रेडिओपर्यंत पोचवावा लागतो. एफएमचं गणित वेगळं आहे. १०० मेगाहर्ट्झला लहर ३ मीटरची, पावपट ७५ सेंटिमीटर. म्हणून एफएमला मीटरभर दांडी भरपूर होते.

आता इतिहासाकडे वळू. हा इतिहास मुख्यतः अमेरिकेत घडला, कारण १९२०च्या दशकात मोटार आणि रेडिओ या दोन्ही गोष्टी सामान्य माणसाच्या घरात एकाच वेळी शिरल्या त्या तिथेच. आपल्याकडे मुंबईचं पहिलं नियमित केंद्र सुरू झालं २३ जुलै १९२७ला. त्या वेळी अमेरिकेत हौशी लोक घरचा रेडिओ उचलून गाडीत ठेवण्याचे प्रयोग करत होते. वेगळ्या बॅटऱ्या, वेगळा कर्णा, आणि गाडी थांबवून इंजिन बंद केल्यावरच ऐकू येणार.

१९३० साली शिकागोच्या पॉल गॅल्विन यांच्या छोट्या कंपनीने मोटारीत बसवता येईल असा व्यापारी रेडिओ तयार केला. त्यांच्यासोबत बिल लिअर आणि एल्मर वेव्हरिंग हे तरुण होते. अटलांटिक सिटीत रेडिओ उत्पादकांचं अधिवेशन होतं. गॅल्विन आपल्या स्टुडिबेकरमध्ये रेडिओ बसवून तिथे गेले आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना ऐकवत राहिले. रेडिओला नाव दिलं मोटोरोला. पुढे १९४७ साली कंपनीनेच ते नाव घेतलं. युरोपात १९३२ साली ब्लाउपुंक्टचा मोटार रेडिओ आला; वजन सुमारे १५ किलो. त्याच सुमारास अमेरिकेत काही ठिकाणी, रेडिओने चालकाचं लक्ष विचलित होतं म्हणून बंदी घालण्याचे प्रस्तावही आले. आजच्या मोबाइलच्या वादाची ही आजी म्हणायला हरकत नाही.

या पहिल्या रेडिओंची एरियल कुठे होती? मडगार्डवर दांडी दिसत नाही. ती होती टपात. त्या काळच्या बंद गाड्यांची चौकट लाकडाची, बाजू पत्र्याच्या. पण टपाचा मधला भाग कापडाचा, वरून पाणी लागू नये म्हणून लेप दिलेला. हे आवडीने केलेलं नव्हतं. टपाएवढा रुंद पत्रा एकसंध दाबून काढणारी व्यवस्था कारखान्यांकडे नव्हती. मग रेडिओवाल्यांनी युक्ती केली. आतलं अस्तर उसवायचं, कापडाखाली तांब्याची जाळी ताणायची, कडेच्या धातूपासून ती चार बोटं लांब ठेवायची आणि तिची वायर पुढच्या खांबातून खाली डॅशबोर्डमागे आणायची. बऱ्याच गाड्यांच्या टपात गादीला आधार म्हणून कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसली जाळी आधीपासूनच असे. ती बॉडीपासून सुटी केली की तीच एरियल. क्षेत्रफळ मोठं, उंची चांगली, बाहेरून काही दिसत नाही. गाडीचं वैगुण्य रेडिओच्या कामी आलं.

आणि मग १९३५च्या मॉडेलांत जनरल मोटर्सने पोलादाचा एकसंध टप आणला. सुरक्षित, टिकाऊ, गळका नाही. मोटारीच्या दृष्टीने मोठी प्रगती. पण रेडिओचं घरटं मोडलं. पोलादी टपाखाली जाळी लावणं म्हणजे पत्र्याच्या डब्यात तोंड घालून बाहेरचं बोलणं ऐकणं. दोन-तीन वर्षांत इतर कंपन्याही त्याच वाटेने गेल्या.

एरियलला दुसरी जागा शोधावी लागली. काहींनी ती फूटबोर्डाखाली टांगली. दोन्ही बाजूंच्या पायऱ्यांखाली पट्ट्या किंवा नळ्या, रबरी आधारांवर. बाहेरून दिसत नाही, उघड्या टूरिंग गाडीलाही चालते. पण तिथे चिखल, पाणी, खडी. शिवाय एरियल जमिनीच्या जवळ आणि बॉडीच्या सावलीत. ताकदवान केंद्र गावात असेल तोवर ठीक, गाव सोडलं की आवाज बुडाला. शेवटी बोनेटच्या बाजूला किंवा मडगार्डवर उभी दांडी आली, एकात एक सरकणाऱ्या नळ्यांची. आपण जिला जुन्या गाडीची ओळख समजतो ती ही दांडी खरं तर पोलादी टपाने केलेल्या हकालपट्टीतून जन्मली. पुढची कहाणी पटकन सांगतो : १९६९च्या पाँटिअॅक ग्राँ प्रीमध्ये एरियल पुढच्या काचेत गेली, आणि या शतकात टपावर शार्कच्या पंखासारखा उंचवटा आला. एरियल पुन्हा टपावर पोचली, पण यावेळी पोलाद तिचा शत्रू नसून पाया होता.

आता ठिणगीबद्दल. हाइनरिश हर्ट्झने १८८७-८८ साली विद्युतलहरी पहिल्यांदा निर्माण करून दाखवल्या त्या ठिणगी पाडून. सुरुवातीचे सगळे बिनतारी संदेश ठिणगीचेच. १९१२ साली टायटॅनिकवरून मदतीची हाक गेली तीही ठिणगीच्या यंत्रावरून. आणि पेट्रोलचं इंजिन काय करतं? ठिणगी पाडतं. चार सिलिंडरचं इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल तर सेकंदाला १०० ठिणग्या. म्हणजे बोनेटखाली एक प्रक्षेपण केंद्र चालू आहे, आणि हातभर अंतरावर आपण शेकडो मैलांवरचं गाणं ऐकू बघतोय. १९३० साली गॅल्विन यांच्या माणसांपुढची खरी अडचण रेडिओ लहान करण्याची नव्हती; गाडीला गप्प करण्याची होती.

गाडी गप्प कशी करतात? डिस्ट्रिब्युटरच्या मधल्या वायरीत साधारण १०,००० ओहमचा रोधक घालतात, प्लगांनाही तसेच रोधक. ठिणगीची ऊर्जा इंजिनला पुरते, पण तिची धार बोथट होते. डायनामोच्या मुख्य टोकाला कंडेन्सर. फील्डच्या टोकाला मात्र नाही, तिथे लावला तर रेग्युलेटरचे पॉइंट जळतात. बोनेट बिजागरीवर लटकलेलं असतं, त्याचा बॉडीशी विद्युतसंबंध भरवशाचा नसतो. म्हणून तांब्याच्या विणलेल्या पट्टीने ते जोडतात. इतकंच काय, कोरड्या रस्त्यावर टायर घासून चाकावर भार साठतो आणि बेअरिंगच्या ग्रीसमुळे तो बॉडीत उतरत नाही. त्याची खरखर थांबवायला पुढच्या चाकांच्या टोपणात छोटी स्प्रिंग बसवतात. या सगळ्या उपायांचं सार एकच : गाडीचे सुटे सुटे धातू एकमेकांशी इतके नीट जोडा की ती खरोखर एकच वस्तू होईल.

आता प्रत्यक्ष जोडणी. आपल्यातले काही जण स्वतः हात काळे करणारे आहेत, त्यांच्यासाठी जरा सावकाश सांगतो.

पहिली गोष्ट जागा. इंजिनाच्या ज्या बाजूला डिस्ट्रिब्युटर आणि कॉइल असेल त्याच्या विरुद्ध बाजूला एरियल. रेडिओपासून फार लांब नको. भोकाखाली चाकाची कमान, दरवाजाची बिजागरी, वायपरची यंत्रणा आड येत नाही ना, हे आधी हात घालून पाहावं.

दुसरी गोष्ट रंग, आणि बहुतेक जोडण्या इथेच फसतात. दांडी बॉडीपासून अलग हवी, पण तिचा पाया आणि केबलचं बाहेरचं कवच बॉडीला पक्कं भिडलेलं हवं. मडगार्डच्या खालच्या अंगाला रंग आणि गंज पॉलिश पेपरने काढून उघडा पत्रा दिसला पाहिजे, आणि दातेरी वायसरने तो चावला पाहिजे. वरून दांडी कितीही चकचकीत असो, खाली रंगावर नट आवळला असेल तर अर्थ लागत नाही, आणि मग रेडिओला गाण्याऐवजी इंजिन ऐकू येतं. मीटर लावून पाहा : पाया ते चॅसिस जवळजवळ शून्य ओहम, दांडी ते बॉडी अनंत. जुन्या गाड्यांत मडगार्ड आणि बॉडीच्या मध्ये कापडी पट्टी असते, तिथेही हीच तपासणी. टपातली जुनी जाळी वापरणार असाल तर ती कुठे खिळ्याने बॉडीला टेकलेली नाही ना, हेही मीटरच सांगेल.

तिसरी गोष्ट केबल. इथे हुशार माणसंही बाजारातली कुठलीही कोअॅक्सियल केबल घेतात. मीटरभर दांडीची धारकता असते साधारण १० पिकोफॅरड. नेहमीच्या ५० ओहमच्या केबलची धारकता मीटरला सुमारे १००. दोन मीटर केबल वापरली की २००. दांडीने कमावलेला दाब या दोहोंत वाटला जातो आणि रेडिओच्या वाट्याला विसाव्या हिश्श्याच्या आसपास येतो. दहा रुपये कमवायचे आणि साडेनऊ वाटखर्चाला द्यायचे! म्हणून मोटार रेडिओची केबल वेगळी असते : आत केसासारखी बारीक तार आणि भोवती बरीचशी हवा. ती लागेल तेवढीच घ्यावी. उरलेलं वेटोळं डॅशबोर्डमागे कोंबू नये.

चौथी गोष्ट : जुन्या रेडिओच्या अंगावर एरियलसाठी एक छोटा स्क्रू असतो, त्याला ट्रिमर म्हणतात. जोडणी झाल्यावर दांडी पूर्ण वर काढायची, १४०० किलोहर्ट्झच्या आसपासचं एखादं क्षीण केंद्र लावायचं आणि आवाज सर्वांत मोठा होईपर्यंत तो हळूच फिरवायचा. हा स्क्रू म्हणजे या दांडीची, या केबलची आणि या रेडिओची एकमेकांशी करून दिलेली ओळख. दांडी बदलली तर ओळख पुन्हा करून द्यावी लागते.

पाचवी गोष्ट वीज. जुन्या अमेरिकन गाड्या ६ व्होल्टच्या. व्हॉल्वच्या रेडिओला २००हून अधिक व्होल्ट लागतात. त्यासाठी व्हायब्रेटर नावाची डबी : एक पोलादी पाती सेकंदाला शंभराहून जास्त वेळा थरथरते, बॅटरीचा प्रवाह तोडते-जोडते आणि ट्रान्सफॉर्मर दाब चढवतो. रेडिओ लावला की येणारी ती बारीक गुणगुण याच डबीची. १९५५ साली क्रायस्लर आणि फिल्को यांनी पूर्ण ट्रान्झिस्टरचा मोटार रेडिओ आणला आणि व्हायब्रेटरचे दिवस भरले. इथे एक धोका सांगितलाच पाहिजे. फोर्डच्या अमेरिकन गाड्यांत १९५५पर्यंत, आणि अनेक ब्रिटिश गाड्यांत १९६०च्या दशकाच्या मध्यापर्यंत, बॅटरीचं धन टोक बॉडीला जोडलेलं असे. आजचा रेडिओ ऋण टोक बॉडीला धरून चालतो. न बघता जोडला तर एका क्षणात जळतो. म्हणजे ‘अर्थ’ कुठल्या टोकाला म्हणायचं हाही संकेतच, आणि तो गाडीगणिक बदलतो. भाषेच्या तत्त्वज्ञानात मी वर्षानुवर्षं जे शिकवत आलो ते बॅटरीच्या दोन टोकांत इतकं स्वच्छ दिसतं.

मघाशी एक चिठ्ठी आली आहे, ती वाचतो. ‘आमच्या घरी आजोबांच्या वेळची गाडी आहे. मडगार्डला भोक पाडून एरियल लावावी का?’ प्रश्न छान आहे आणि आजच्या विषयाचा गाभाच आहे.

आधी कालगणना. काटेकोर अर्थाने व्हिंटेज म्हणतात ती १९१९ ते १९३० या काळातली गाडी. म्हणजे खरी व्हिंटेज गाडी कारखान्यातून बहुधा रेडिओशिवायच आली. तिच्यावर एरियल असेल तर ती नंतर कुणीतरी लावलेली. आपल्याकडच्या फिएट आणि अॅम्बॅसेडरचंही तेच : रेडिओ बहुधा नंतर, गॅरेजात बसवला जाई. शिवाय रेडिओसाठी पोस्टातून परवाना काढावा लागे, ही पद्धत १९८०च्या दशकात थांबली. तेव्हा मडगार्डवरची दांडी हा गाडीच्या जन्माचा पुरावा नाही, तो तिच्या आयुष्याचा पुरावा आहे.

आता ‘मिलिंदपन्ह’ आठवा. ग्रीक राजा मिलिंद आणि भिक्षू नागसेन यांचा संवाद. नागसेन विचारतात, महाराज, आपण रथातून आलात. रथ म्हणजे काय? आस म्हणजे रथ का? चाकं? जू? राजा प्रत्येकाला नाही म्हणतो. मग या सगळ्यांपलीकडे रथ नावाचं काही आहे का? तेही नाही. या भागांच्या एकमेकांवर अवलंबून असण्यालाच आपण रथ हे नाव देतो. दोन हजार वर्षांपूर्वीचा हा दृष्टान्त जुन्या गाडीवाल्यांनी भिंतीवर लावावा असा आहे. कारण ‘मूळची गाडी’ म्हणजे कारखान्याच्या फाटकातून बाहेर पडल्या क्षणाची गाडी, असं मानलं तर टायर बदलला त्या दिवशीच ती संपली. आणि ‘काहीही बदला, नाव तेच’ असं म्हटलं तर जपायला काही उरतच नाही.

मधला मार्ग इतिहास जपणाऱ्या लोकांनी शोधलेला आहे. इमारतींसाठी १९६४ची व्हेनिस सनद म्हणते की वास्तूवर निरनिराळ्या काळांनी घातलेली भर मानली पाहिजे. जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने, म्हणजे ‘फिवा’ने, २०१३ साली स्वीकारलेली तूरिन सनद त्याच वळणाची आहे. आपल्या केंद्र सरकारच्या २०२१च्या नियमांतही, ५० वर्षांहून जुनी गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवायची तर ती मूळ स्वरूपात हवी, चॅसिस, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरफार नको, अशी अट आहे. एका भोकाने ती मोडत नाही, पण दिशा कळते.

म्हणून चिठ्ठीचं उत्तर असं. भोक आधीच असेल, तर ते बुजवू नका. ते आजोबांनी पाडलेलं असेल. कुणीतरी रात्रीच्या प्रवासात बातम्या ऐकल्या, गाणी ऐकली, याची ती खूण आहे. त्याच काळातली दांडी शोधून तिथेच बसवा. भोक नसेल, तर नवं पाडू नका. पत्र्याला पाडलेलं भोक वेल्डिंगने बुजतं, पण तिथला मूळ पत्रा आणि मूळ रंग परत येत नाही. कापडी टप असेल तर जाळी वापरा, नाहीतर फूटबोर्डाखाली पट्टी लावा, नाहीतर बंपरच्या आधीच्या बोल्टवर पकड बसवून दांडी उभी करा. आवाज थोडा कमी येईल. येऊ द्या. जे काढून घेता येतं ते लावायला हरकत नाही, आणि काय लावलं ते वहीत लिहून ठेवा. पुढच्या पिढीला आपली कारागिरी आणि कारखान्याची कारागिरी वेगळी ओळखता आली पाहिजे.

शेवटी एकच. हा प्रश्न जुन्या गाड्यांपुरता राहिलेला नाही. विजेच्या गाड्यांच्या मोटारी आणि त्यांची नियंत्रक यंत्रणा मध्यमलहरींत इतका गोंगाट करतात की काही कंपन्यांनी त्या गाड्यांतून मध्यमलहरींचा रेडिओच काढून टाकला. फोर्डने २०२३ साली तसं जाहीर केलं आणि त्याच वर्षी निर्णय फिरवला, कारण संकटाच्या वेळी सूचना पोचवायला तोच रेडिओ लागतो असा आग्रह झाला. अमेरिकी संसदेत त्यासाठी विधेयकही आलं. १९३० साली गाडीला गप्प करायची खटपट झाली, कारण लोकांना ऐकायचं होतं. आता ती खटपट करायची की ऐकणंच सोडून द्यायचं, हा निर्णय आपल्या समोर चालू आहे. आजोबांच्या गाडीतला रेडिओ दुरुस्त करणाऱ्यांनी त्यात आपलं मत जरूर मांडावं, कारण लावायला केंद्रच उरलं नाही तर उत्तम अर्थ लागलेली एरियलही मुकीच राहील.

ज्यांच्या चिठ्ठ्या राहिल्या असतील त्यांनी चहाच्या वेळी भेटावं.